शेवटच्या पानाची तारीख

१

मंगळवारी सकाळी किल्लीताईने सात नंबरचं कपाट उघडलं. बाडाचं पुठ्ठ्याचं वेष्टन जागच्या जागी होतं, फीत नीट बांधलेली होती, पण आत काहीच नव्हतं.

किल्लीताई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून साठ वादकांनी मिळून ठेवलेलं ते नाव. पूर्वी तीही याच वाद्यवृंदात व्हायोला वाजवायची. खांदा गेला, आणि नऊ वर्षांपूर्वी स्वरलिपीची खोली तिच्या ताब्यात आली. तिथे प्रत्येक वादकाची आपापल्या वाद्यापुरती पानं असत. आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरसाठी एक बाड, ज्यात साठही जणांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या.

हरवलेलं बाड साधंसुधं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी शहरातलं ऑपेरागृह जळालं, तेव्हा दीपस्तंभाच्या राखणदाराच्या बायकोची गोष्ट सांगणारी 'दीपस्तंभ' नावाची एक सुंदर ऑपेरा पानांसकट राख झाली. तेव्हाच्या कंडक्टरांनी, म्हणजे थोरल्या साहेबांनी, तिच्यातले पाच भाग नुसत्या आठवणीवर, अकरा दिवसांत, वाद्यांसाठी मांडून काढले. गाणारे गळे नव्हते, म्हणून गळ्यांचं काम वाद्यांना वाटून दिलं. ही कथा प्रत्येक मैफलीच्या पत्रिकेत छापली जायची. सोबत बाडाच्या शेवटच्या पानाचा फोटो असायचा. त्यावर साहेबांची झोकदार सही आणि तारीख, ३१ डिसेंबर. बाडाची दुसरी प्रत काढू द्यायची नाही, असा थोरल्या साहेबांचा हुकूम होता आणि ते गेल्यावरही तो पाळला जात होता.

ती धावतच दारापाशी गेली. धाकटे साहेब, थोरल्यांचे चिरंजीव आणि आताचे कंडक्टर, नुकतेच गाडीतून उतरत होते. तिने धापा टाकत सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. तेवढ्यात व्यवस्थापक एक पत्र नाचवत आले.

"साहेब, प्रकाशकांचं पत्र. शुक्रवारी त्यांचा जाणकार बाड बघायला येतोय."

धाकट्या साहेबांनी पत्र हातात घेतलं, क्षणभर धरलं आणि किल्लीताईकडे दिलं. "तुम्हीच वाचा, ताई. माझं डोकं ठिकाणावर नाही."

तिने वाचलं. पत्रात विशेष काही नव्हतं. मूळ हस्तलिखित बघितल्याशिवाय छापणार नाही, एवढंच.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच," व्यवस्थापक तिच्या कमरेकडे बघत म्हणाले. "एक माझ्या खोलीतल्या फळीवर असते. आणि कुलूप तर फोडलेलं नाही. गुरुवार संध्याकाळपर्यंत बाड मिळालं तर ठीक. नाहीतर हा जुडगा माझ्या टेबलावर ठेवायचा, ताई. कायमचा."

२

दहाच्या तालमीत मात्र आक्रीत घडलं. धाकटे साहेब बाडाशिवाय उभे राहिले आणि त्यांनी पाचही भाग तोंडपाठ घेतले.

ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांना यातली मौज कळायची नाही. काळ्या दोरीतला चष्मा नाकावर चढला की या गृहस्थांची मान बाडातून कधी वर होत नसे. समोर कागद नसेल तर साहेबांना स्वतःचं नाव आठवणार नाही, अशी वादकांत चेष्टा चाले. आणि आज झांजवाला एकशे बारा मात्रा मोजत बसला असताना साहेबांनी नेमकं त्याच्याकडे बोट केलं. तालीम संपली तेव्हा वादकांनी पाय आपटून दाद दिली.

"संकटात माणसाचं पाणी जोखलं जातं," व्यवस्थापक भारावून म्हणाले.

किल्लीताईलाही भरून आलं. तरी सकाळपासून साहेबांकडे बघताना काहीतरी चुकल्यासारखं तिला वाटत होतं. काय, ते ध्यानात येईना.

सातव्या रांगेत एकटीच नक्कलमावशी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, मांडीवर मोठी कापडी पिशवी. चाळीस वर्षांपूर्वी या पाच भागांची सगळी पानं हिनेच हाताने उतरवली होती. अक्षर मोत्यासारखं. निवृत्त झाल्यावरही 'दीपस्तंभ' असला की मावशी तालमीला यायचीच. बाड शेवटचं दिसलं त्या शनिवारीही आली होती आणि स्वरलिपीच्या खोलीत बराच वेळ बसली होती. ते आठवलं आणि किल्लीताईची नजर त्या पिशवीवर खिळली. बाड सहज मावेल एवढी होती पिशवी.

साहेब खाली उतरून आले. "ताई, रडत बसून उपयोग नाही. सगळ्यांच्या पानांवरून नवं बाड जुळवा. निदान पाचवा भाग शुक्रवारपर्यंत. स्वच्छ अक्षरात. वर बाबांचं नाव घाला. त्या जाणकाराला मी समजावतो."

चोरी कळली त्याच दिवशी उपायही तयार. किल्लीताई मनात म्हणाली, माणूस किती धीराचा.

३

नवं बाड लिहायच्या आधी तिने जुन्याची चौकशी करायची ठरवली.

पहिला संशय चेलोवाल्या काकांवर. पाचव्या भागात राखणदाराच्या बायकोचं शेवटचं गाणं येतं. ती वादळात दिवा विझू देत नाही आणि नवऱ्याला हाका मारत राहते. हे गाणं थोरल्या साहेबांनी चेलोला न देता व्हायोलाला दिलं. वीस वर्षं काकांच्या पोटात ते दुखत होतं.

"हो, म्हणालो होतो मी, हे बाड नदीत फेकून देईन म्हणून," काका गजाला राळ घासत म्हणाले. "वीस वर्षं म्हणतोय. फेकायचं असतं तर एवढा थांबलो असतो का? व्हायोलाला गाणं! अगं, व्हायोला म्हणजे मधलं भावंड. कुणी विचारत नाही तिला. तूही वाजवायचीस, तुला राग येईल म्हणा."

"शनिवारी तुम्ही व्यवस्थापकांच्या खोलीत गेला होता."

"रजेचा अर्ज द्यायला. नामंजूर झाला. आता त्या रागात मी बाड चोरलं म्हण."

व्यवस्थापकांना विचारलं तर तेच चिडले. "माझ्या खोलीत शनिवारी निम्मं गाव येऊन गेलं. काका अर्जासाठी, मावशी पाणी प्यायला, साहेब फोन करायला. मी काय फळीवर डोळे लावून बसतो? चोराच्या उलट्या बोंबा नकोत, ताई."

चोर हा शब्द तिला झोंबला. नऊ वर्षांत एक पान हरवलं नव्हतं तिच्या हातून. ज्यांची फाटकी पानं ती चिकटवून देत होती तेच आता ती आली की बोलणं थांबवत होते.

जाता जाता पहिल्या व्हायोलावाल्याने आपली पानं तिच्या हातात दिली. "नवं लिहिताय ना, तर ही दोन दुखणी काढून टाका. एक म्हणजे गाण्यात जागोजागी श्वासाच्या खुणा आहेत. व्हायोला श्वास घेते का? आणि दुसरं, चौथं पान ऐन गाण्याच्या मध्यात उलटावं लागतं. एक हात गजावर, एक तारांवर, पान काय नाकाने उलटू? शेजारचा उलटतो, तेवढ्यात त्याचा सूर गळतो."

किल्लीताई थबकली. मावशीच्या हातची पानं उलटायला सोपी, अशी ख्याती होती. साठ जणांची पानं, आणि प्रत्येकाचं पान नेमकं तो वादक गप्प असतो तिथे संपतं. नकलेतलं खरं कौशल्य तेच. मग सबंध कामात एवढी एकच चूक, आणि तीही गाण्यातच?

४

बुधवारी ती खोलीचं दार लावून बसली. एकेका वाद्याचं शेवटचं पान उघडायचं, त्याची ओळ नव्या कागदावर उतरवायची, की पुढचं वाद्य. बासरी झाली, ओबो झाला, हॉर्न झाले.

मावशीची एक सवय होती. कुठलंही पान पुरं झालं की तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ती तारीख घाली. किल्लीताईने त्या तारखा पूर्वी शंभरदा पाहिल्या होत्या. पण घड्याळ आपण रोज बघतो म्हणून ते कुठल्या कारखान्यातलं हे थोडंच वाचतो? शिवाय एरवी ती एका वेळी एकाचंच फाटलेलं पान हाताळायची. आज पहिल्यांदाच सगळ्यांची शेवटची पानं टेबलावर शेजारीशेजारी पसरली होती.

बासरी, ९ ऑक्टोबर. हॉर्न, १४ ऑक्टोबर. चेलो, १९ ऑक्टोबर. सगळ्यांत शेवटी व्हायोला, २ नोव्हेंबर.

तिने लेखणी खाली ठेवली. भिंतीवर गेल्या मैफलीची पत्रिका टाचलेली होती. त्यावर थोरल्या साहेबांची सही होती, वर्ष तेच होतं आणि तारीख होती ३१ डिसेंबर.

नक्कल बाडावरून होते. आधी बाड, मग पानं. आईच्या आधी लेकरू जन्मत नाही. मग डिसेंबरात अकरा दिवसांत लिहिलेल्या बाडाची नक्कल ऑक्टोबरात कशी झाली?

म्हणजे साहेबांच्या आधी एक बाड होतं. ते दुसऱ्याच कुणाच्या हातचं होतं, आणि ते मावशीने नक्की पाहिलेलं होतं. आणि तसं असेल तर हरवलेलं बाड नाहीसं व्हावं असं वाटणारं, किंवा ते आपल्याकडे असावं असं वाटणारं माणूस एकच, कापडी पिशवी घेऊन सातव्या रांगेत बसणारं.

तिने पायांत चपला सरकवल्या आणि तडक मावशीचं घर गाठलं.

मावशीने दार उघडलं. आत टेबलावर काहीतरी रुंद, सपाट, जाडजूड पडलेलं होतं. पाहुणी कोण ते कळताच मावशीने घाईघाईने त्यावर टेबलपोस ओढला.

५

"ते काय आहे, मावशी?"

"काही नाही गं. जुनं काही. बस, पाणी आणते."

"पाणी नको. बाड आहे का ते?"

मावशीने टेबलपोसावरचा हात काढला. "तुलाही तसंच वाटतं? काल तो व्यवस्थापकही पिशवीकडेच बघत होता. बघ, उघड."

किल्लीताईने कापड दूर केलं. कडेने करपलेलं एक जुनं पुस्तक होतं. ऑपेरातल्या राखणदाराच्या बायकोचं, फक्त तिच्या गाण्यांचं. शेवटच्या गाण्यात शिसपेन्सिलीने श्वासाच्या खुणा केलेल्या होत्या. व्हायोलाच्या पानावर होत्या तिथेच, एकही इकडची तिकडे नाही.

"हे कुणाचं?"

"माझं." मावशी खुर्चीत टेकली. "मी ऑपेरात होते. बदली गायिका. मुख्य बाई आजारी पडली तर उभी राहायची. चार वर्षं रोज विंगेत उभी होते, सगळ्यांच्या ओळी पाठ. ती बाई काही एक दिवसही आजारी पडली नाही. घोड्यासारखी तब्येत. मग थिएटरच जळालं."

"आणि तुम्ही आठवणीवरून मांडलंत. थोरल्या साहेबांनी नाही."

"मी नक्कलकार आहे, बाई. नक्कल करते."

"मावशी, ऑक्टोबरात कसली नक्कल केलीत? डिसेंबरातल्या बाडाची?"

मावशीने चष्मा काढला. मग पदराने चष्म्याची काच पुसत म्हणाली, "मी पेन्सिलीने लिहिलं होतं. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, नक्कल करणाऱ्या बाईचं काम मंडळ वाजवू देणार नाही. पहिल्या वेळी मी माझं नाव घालतो, पुढे दुरुस्त करू. मग माझ्याच अक्षरांवरून त्यांनी शाई फिरवली आणि खाली सही केली. वाजलं, लोक रडले. तिसऱ्या वर्षी साहेब गेले. पुढे कुणाशी भांडणार? मेलेल्या माणसाशी?"

"राग नाही येत?"

"येतो ना. रोज येतो. पण ऑपेरा जिवंत राहिली ना गं कुठेतरी. नाहीतर माझ्याबरोबरच जायची."

मावशीने समोरचं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि ती चष्म्यासाठी चाचपडू लागली. "चष्म्याशिवाय एक अक्षर दिसत नाही मेलं," ती पुटपुटली.

आणि किल्लीताई ताडकन उठली. मंगळवारपासून काय चुकल्यासारखं वाटत होतं ते तिला आता कळलं.

६

गुरुवारी दुपारच्या तालमीच्या अर्धा तास आधी तिने धाकट्या साहेबांच्या खोलीचं दार वाजवलं.

"झाला पाचवा भाग?" त्यांनी विचारलं.

"झाला. पण आधी एक सांगा. मंगळवारी तुमचा वाचायचा चष्मा कुठे होता?"

त्यांचा हात नकळत गळ्याकडे गेला.

"काळ्या दोरीने तो तुमच्या गळ्यात असतो. कपडे विसराल, तो विसरणार नाही, कारण त्याशिवाय तुम्हाला बाड दिसत नाही. मंगळवारी गाडीतून उतरलात तेव्हा दोरी नव्हती. पत्र हातात घेतलंत आणि मला वाचायला दिलंत. डोकं ठिकाणावर होतं, साहेब, चष्मा नव्हता. आणि बाड हरवलं हे तर मी तुम्हाला दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. तालमीला येताना चष्मा घरी कोण ठेवतं? आज वाचायचं काहीच नाही, हे ज्याला आधीच माहीत आहे तो."

"विसरलो असेन."

"आणि एकशे बारा मात्रांनंतरची झांज? ती एका तासात पाठ होत नाही. महिनाभर घोकावं लागतं. तुम्ही तयारी करून आला होतात. शनिवारी फोनच्या निमित्ताने फळीवरची किल्ली घेतलीत. संशय माझ्यावर येणार हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मान खाली घातली. "तुमचं काम जाऊ दिलं नसतं. मी मध्ये पडणारच होतो."

"कधी? पुढे दुरुस्त करू म्हणून? तुमच्या घराण्यात ते कधी होत नाही."

हे वर्मी बसलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "महिन्यापूर्वी दिव्याखाली बघताना दिसलं. शाईच्या कडेने पेन्सिल. प्रत्येक सुराखाली. बाबांचं अक्षर असं नव्हतंच कधी. प्रकाशकाच्या माणसाला ते पहिल्या पानावरच दिसलं असतं. ते माझे वडील होते हो, ताई. मी त्यांच्यामुळेच संगीतात आलो, त्या अकरा दिवसांच्या गोष्टीमुळे."

"आणि मला पानांवरून नवं जुळवायला लावलंत. कोंबडं झाकलंत, पण साठ पानांवर तांबडं फुटलेलं होतं. मावशीने प्रत्येकावर तारीख घातली आहे. कंडक्टर लोक दुसऱ्यांची पानं बघत नाहीत, तिथेच चुकलं तुमचं."

"जाळणार होतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोनदा काडी ओढली. पण वरची शाई बाबांची, खालची पेन्सिल तिची. एक जाळायचं तर दुसरंही जळतं. नाही जमलं. माझ्या पियानोच्या स्टुलात आहे."

किल्लीताईने नवा पाचवा भाग त्यांच्या टेबलावर ठेवला. "उजव्या कोपऱ्यात मांडणाऱ्याचं नाव मी घातलंय. तुम्ही सांगितलंत ते नाही. घर दहा मिनिटांवर आहे तुमचं. तालमीला येताना चष्मा घालून या."

ती बाहेर पडली. तो माणूस आता व्यवस्थापकांकडे जाईल की घरी, हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं.

७

तालमीला पाच मिनिटं उशीर झाला. व्यवस्थापक किल्लीताईच्या शेजारी घड्याळ बघत उभे होते. "संध्याकाळ होत आली, ताई," ते म्हणाले. तिने दाराकडे पाहिलं.

धाकटे साहेब आले. गळ्यात काळी दोरी होती. काखेत, वेष्टनाशिवाय, बाड होतं.

सभागृहात कुजबुज उठली. चेलोवाले काका अर्धवट उभे राहिले. साहेबांनी बाड समोर ठेवलं, त्यावर किल्लीताईचा पाचवा भाग उघडला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बाड मी नेलं होतं," ते म्हणाले. "ताईंचा यात काही संबंध नाही. त्यांची माफी मी सगळ्यांसमोर मागतो. का नेलं ते उद्या प्रकाशकांच्या माणसालाही सांगणार आहे. तुम्हाला आज एवढंच वाचून दाखवतो."

आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यावरचं, मांडणाऱ्याच्या जागी लिहिलेलं पूर्ण नाव त्यांनी मोठ्याने वाचलं.

वादकांना क्षणभर कळलंच नाही. मावशीला मावशीच म्हणत आले होते सगळे. तिला काही नाव असेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मग काकांनी सातव्या रांगेकडे पाहिलं, आणि एकेक करत साठही जण तिकडे वळले. व्यवस्थापक खिशातला रुमाल शोधू लागले. जुडग्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मावशी उठली. टाळ्या वाजत होत्या, पण तिचं तिकडे लक्ष नसावं. पिशवी सावरत, खुर्च्यांना धरत ती पायऱ्या चढून वर आली आणि सरळ पहिल्या व्हायोलावाल्यापाशी गेली. त्याच्या स्टँडवरचं चौथं पान तिने बोटाने सारखं केलं.

"हे पान उलटायला त्रास होतो ना रे तुम्हाला?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या मनाला लागून राहिलंय. बाकी सगळ्यांच्या पानांना मोजून थांबले मी. इथे मात्र लिहिता लिहिता गात होते, थांबायचं राहूनच गेलं."

व्हायोलावाल्याचा शेजारी आपलं वाद्य घेऊन मागच्या रांगेत सरकला. किल्लीताई पुढे झाली, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने मावशीला बसवलं आणि म्हणाली, "मग आज तुम्हीच उलटा."